पथारीवरची सनस्क्रीनची कांडी

मित्रांनो, मला डिंकाची कांडी समजून वहीला लावू नका बरं, आधीच बजावून ठेवते! मी सनस्क्रीनची कांडी. चेहऱ्याला उन्हापासून वाचवणारी. आता जुनी झाले, झिजून बोटाच्या पेराएवढी उरले. एका जागी स्वस्थ पडून राहणं मला कधीच जमलं नाही, आणि आज तर जिवाची नुसती घालमेल चालली आहे. म्हणून भराभर सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. मेण, तेल आणि उन्हाला अडवणारी औषधं गरम करून साच्यात ओतली, मी घट्ट झाले, डोक्यावर टोपण बसलं आणि खोक्यातून थेट नंदुरबारला आले. धीरजभाईंच्या मेडिकलमध्ये. धीरजभाई माणूस चांगला, पण सदा घाईत. त्यांनी मला पाहिलं न पाहिलं आणि काउंटरवरच्या बरणीत पेन, खोडरबर आणि डिंकाच्या कांड्यांबरोबर उभं केलं. समोर काचेच्या कपाटात क्रीमच्या ट्यूबा, जेल, स्प्रे ऐटीत बसलेले, आणि मी डिंकात! वर्षभर मी तिथे धुमसत होते. कोणी बरणीकडे हात नेला की वाटायचं, आता मला उचलणार. उचलायचे ते पेन.

मग डिसेंबरात एक दिवस चेतनाताई दुकानात आली. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या आहेत. तिथे लाल मिरची उन्हात पसरून वाळवतात आणि बाया दिवसभर बसून तिचे देठ खुडतात. या हंगामात मालकाने पहिल्यांदाच चेतनाताईला या बायांची मुकादम केलं होतं. आणि नेमकं तेव्हाच उन्हाने तिच्या गालांवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस सनस्क्रीन लावा, दुपारीही पुन्हा लावा. तरी पुरळ गेलं नाही तर उन्हातलं काम बंद. काम बंद म्हणजे मुकादमी गेली दुसरीकडे.

"दादा, घरमा बशीसन मी काय भिंती मोजू?" ती म्हणाली. "चांगलं काहीतरी दे."

धीरजभाईंनी विचारलं, "ताई, तुमनी स्किन ऑयली शे का ड्राय?"

चेतनाताई गोंधळली. "तोंड शे दादा. घाम येस."

धीरजभाईंनी क्रीम दिलं. दाट, पांढरंशुभ्र. तीन दिवसांनी चेतनाताई परत आली ती डोळे पुसतच. क्रीमवर मिरचीची पूड चिकटत होती आणि दुपारी लावलं की चेहऱ्याची आग आग होत होती. "बाया माले मिरचीनी भजी म्हणी ऱ्हायन्यात!" मग धीरजभाईंनी जेल दिलं. ते पाण्यासारखं, लावताच वाळणारं. पूड चिकटायची थांबली, पण दुपारी आग तीच! मग स्प्रे. तो तळहातावर मारून चेहऱ्याला पुसायचा, असं धीरजभाईंनी नीट समजावून सांगितलं. त्यानेही झोंबलंच. इकडे मी बरणीत टाचा उंचावून बघत होते. अहो, मला विचारा ना! पण मला तोंड कुठे आहे?

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी चेतनाताईबरोबर जसोदाबाई आल्या. पथारीवर सगळ्यांत जुन्या. चेतनाताई काउंटरला टेकून रडायलाच लागली. म्हणाली, मन्हं कामच जाई आता. जसोदाबाईंनी तिचा हात धरला आणि ती बोटं स्वतःच्या नाकाशी नेली. लगेच सटासट दोन शिंका दिल्या.

"अव, तुन्हा हातले मिरची शे ना! तेच हात तोंडले लावस, मंग जळई नही तर काय व्हई?" आणि मग धीरजभाईंकडे वळून, "भाऊ, हात न लावता लावाले काही शे का तुन्हाजोडे?"

धीरजभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तेल किती, कोरडेपणा किती, सगळं विचारलं होतं त्यांनी. हात दिवसभर कशात असतात, एवढंच विचारायचं राहिलं होतं. साबणाने धुतलं तरी मिरचीचं तिखट बोटांतून लवकर जात नाही, हे पथारीवर कुणाला ठाऊक नाही! खरं सांगते, मलाही लाज वाटली. नऊ दिवस मी मनातल्या मनात क्रीमला, जेलला, स्प्रेला यथेच्छ नावं ठेवली होती. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? रात्रीतून बोटांचं तिखट उतरलं की सकाळी घरून लावलेलं त्यांतलं एकही झोंबत नव्हतं.

मग धीरजभाईंनी मला बरणीतून उचललं आणि मी पथारीवर गेले. बाप रे, केवढं ते लाल रान! चेतनाताई दुपारी ओल्या स्वच्छ फडक्याने चेहरा पुसायची, फडक्यातच धरून माझं टोपण काढायची आणि मला कपाळ, गाल, नाक असं फिरवायची. बोट लागायचंच नाही. मग मला माठाच्या सावलीत ठेवायची, कारण उन्हात मी वितळते. पंधराव्या दिवशी थोडं फिकट पुरळ उरलं होतं, पण डॉक्टर म्हणाले, उतरतंय, करा काम. आठवड्यात गाल साफ झाले. चेतनाताई मोठ्याने हसली. जसोदाबाई तर "मन्ही अक्कल शे ती!" म्हणून आठ दिवस मिरवत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही मिरवले.

हे सगळं डिसेंबरातलं. आता मार्च आहे. मित्रांनो, माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत एक तारीख छापली आहे, आणि ती मागच्या महिन्यात उलटून गेली. बरणीत माझं वर्ष वाया गेलं ना, म्हणून. माझा रंग तोच, वास तोच, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. पण ऊन अडवायची हमी आता मला देता येत नाही. परवा गालावरून फिरताना मला तिची कातडी पुन्हा खरखरीत लागली. तिला वाटलं, मिरचीची पूड असेल. काल तिने मला बुडाकडून वर ढकललं, निरखून पाहिलं आणि जसोदाबाईंना म्हणाली, "अजून आठ दिन चाली जाई."

आठ दिवस! इकडे माझा जीव टांगणीला लागला आहे. मित्रांनो, आम्हाला सांभाळून वापरा, असं सगळ्याच वस्तू तुम्हाला सांगतात. मी मात्र उलटं सांगते. तुमच्या घरातून कोणी उन्हात कामाला जात असेल तर त्यांच्या पिशवीतल्या कांडीची, ट्यूबची तारीख वाचा आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि कधी पथारीकडे गेलात तर माठाजवळ बसलेल्या चेतनाताईला सांगा, ही कांडी टाकून दे, आजच नवी आण.

मला टाकलं तर वाईट वाटेल? वाटेल तर! तिच्या गालाइतकी मऊ जागा मला दुसरी कुठे मिळाली नाही. पण तिची मुकादमी माझ्यामुळे गेली, तर ते मला सोसायचं नाही. सांगाल ना तिला?