मिनेकोच्या लाँड्रीतला सीडी प्लेअर

मित्रांनो, मी एक जुना सीडी प्लेअर आहे. रंगाने काळा, दोन्ही अंगांना एकेक गोल स्पीकर आणि वर उघडझाप करणारं झाकण. जपानमधल्या हाचिनोहे नावाच्या बंदराच्या गावी, मिनेकोच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझ्या वयाची बहुतेक यंत्रं केव्हाच भंगारात गेली. मी अजून वाजतो, यात माझा पराक्रम थोडा आणि दोन बायकांचा हट्टच जास्त.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात काचेचं बारीकसं भिंग बसवलं. त्या भिंगातूनच मी चकतीवरचं गाणं वाचतो. तपासणाऱ्याने एक चकती लावून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात बंद केलं. खोकं उघडलं ते थेट मिनेकोने. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. वडिलांच्या लाँड्रीत नुकतीच उभी राहायला लागली होती.

तिने माझ्यावर पहिलीच चकती लावली ती ‘तेत्सुबाशी’ची. तेत्सुबाशी म्हणजे लोखंडी पूल. चार पोरांचा तो रॉक बँड होता आणि त्यांचा गायक होता इसुरुगी. पहिल्याच गाण्याला तो असा काही ओरडला की माझे दोन्ही स्पीकर थरथरले. मिनेकोचे वडील आतून धावत आले.

“हे गाणं आहे की कुणाला बडवतायत?”

“गाणं आहे, बाबा.”

“मग तो रडतोय कशाला?”

पण पुढे कित्येक वर्षं त्यांची इस्त्री त्याच गाण्यांच्या ठेक्यावर फिरत राहिली. हे त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नाही. मी मात्र रोज बघत होतो.

मिनेकोची शाळेपासूनची मैत्रीण फुसाए. बंदरावरच्या कारखान्यात ती बांगडे साफ करायची. दर बुधवारी काम सुटलं की सुकवलेला माकूळ मासा कागदात गुंडाळून लाँड्रीत यायची. तेत्सुबाशीचा नवा अल्बम आला की दोघींचा एक नियम ठरलेला होता. पहिल्यांदा ऐकायचा तो दोघींनी मिळून, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. संपलं की मात्र अशा काही भांडायच्या की गिऱ्हाईक कपडे टाकून मुकाट्याने निघून जाई. मिनेको आवाजाची भक्त, फुसाए ड्रमची. सव्वीस वर्षांत अकरा अल्बम आले आणि अकराही त्यांनी माझ्यापुढे बसून ऐकले. मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग एका हिवाळ्यात काहीतरी बिनसलं. मिनेको सकाळी दुकानात आली आणि तिने मला सुरू केलं. लगेच बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मला उचलून कानाशी धरलं, हलवलं. मी तर रोजच्यासारखाच वाजत होतो. त्यानंतर काही दिवस ती दवाखान्यात जाऊन येत राहिली, गोळ्या घेत राहिली. शेवटी एका दुपारी तिने मला पुसलं, माझी वायर नीट गुंडाळली आणि गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कोटांच्या कपाटात, अगदी तळाला, ठेवून दिलं. सगळ्या चकत्याही शेजारी रचल्या.

पुढच्या बुधवारी फुसाए आली. कपाटाच्या फटीतून मला सगळं ऐकू येत होतं, थोडंफार दिसतही होतं.

“आपला प्लेअर कुठे गेला?”

“ठेवून दिला. माझं वय झालं आता असल्या गोंगाटाला.”

“गोंगाट? इसुरुगीला तू गोंगाट म्हणालीस?”

“म्हणाले. तूही आता दर बुधवारी येत जाऊ नकोस. मला कामं असतात.”

माकुळाचं पुडकं गल्ल्याजवळ ठेवल्याचा आवाज आला, मग दार सरकल्याचा. मिनेको बराच वेळ इस्त्री न फिरवता उभी होती. कापड करपल्याचा वास कपाटापर्यंत आला.

दोन वर्षं मी अंधारात काढली. त्याच काळात तेत्सुबाशी फुटला. एक गिऱ्हाईक दुसऱ्याला सांगत होतं म्हणून मला कळलं. मिनेकोने त्यावर “असं का,” एवढंच म्हटलं आणि बिलं फाडत राहिली. माझ्या भिंगावर धूळ बसत गेली. आता आपण कोटांबरोबरच कधीतरी फेकले जाणार, असं मी धरून चाललो होतो.

आणि वसंतातल्या एका बुधवारी फुसाए पुन्हा आली.

“घे,” ती म्हणाली. “इसुरुगीचा अल्बम. एकट्याचा. पहिलाच आहे. आज आला.”

“मी ऐकत नाही गं आता. सांगितलं ना, वय झालं.”

“तो आपल्याहून पाच वर्षांनी मोठा आहे आणि अजून चामड्याची पँट घालतो. वयाचं मला सांगू नकोस!”

मिनेको इस्त्रीच्या वाफेत तोंड लपवून उभी राहिली. फुसाए तिच्या डाव्या हाताला येऊन अगदी हळू म्हणाली, “माझं काय चुकलं, तेवढं तरी सांग.” मिनेकोने बाही उलटी केली. फुसाएने पुन्हा विचारलं. मिनेको दुसऱ्या बाहीकडे वळली.

फुसाए टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेली.

“मिनेको, मी आत्ता काय म्हटलं?”

“काही म्हणालीस?”

इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिनेको हळूहळू बोलायला लागली. डावा कान एका सकाळी अचानक गेला. औषधांनी परतला नाही. उजव्याने ऐकू येतं, पण गाणं लावलं की पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवतंय असं वाटतं. “इसुरुगीचा आवाज मला तसा ऐकायचा नव्हता. आणि तू समोर बसून डोलत असताना खोटं डोलायचंही नव्हतं.”

“आणि हे मला सांगायचं नाही?” फुसाए ओरडली. “अगं, कान गेला होता, तोंड कुठे गेलं होतं तुझं?”

एवढं बोलून ती स्वतःच रडायला लागली आणि हाताला लागलेल्या कपड्याने तिने डोळे पुसले, नाकसुद्धा पुसलं.

“अगं, तो मुख्याध्यापकांचा शर्ट आहे! आत्ताच इस्त्री केलाय!”

यावर दोघीही अशा हसल्या की कपाटातले हँगर एकमेकांवर वाजले.

त्यांनी मला बाहेर काढलं. उजेडाने मी दिपून गेलो. फुसाएने चकती लावली. चकती फिरली, पण भिंगाला काही दिसेना. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘चकती नाही’. दुसऱ्यांदाही तेच. मित्रांनो, त्या घडीला मला जे वाटलं ते सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत माझी गरज आजच्याइतकी कधीच नव्हती आणि आजच मी आंधळा झालो होतो.

“गेलं वाटतं हे,” फुसाए म्हणाली. “माझ्या घरचा आणू का?”

“नको,” मिनेको म्हणाली. “ह्याच्यावरच ऐकायचं.”

तिने काडीला कापूस गुंडाळला आणि डाग काढायला बसते त्याच सावधपणाने माझं भिंग पुसलं. तिसऱ्यांदा चकती फिरली आणि मला रेघ न् रेघ दिसायला लागली.

पहिल्या गाण्यात गिटार नव्हती. एक पियानो होता आणि पहिल्या शब्दाआधी इसुरुगीने घेतलेला श्वास. मिनेकोने तळहात माझ्या अंगावर ठेवला. दोघींचा जुना नियम पहिल्या मिनिटातच मोडला. फुसाए तिच्या उजव्या कानाशी बसून सांगत राहिली, डावीकडे एक व्हायोलिन आहे, फार बारीक, शेजारच्या खोलीत कुणी वेगळंच काही वाजवत असल्यासारखं. चौथं गाणं त्याच्या आईच्या फ्रीजवर होतं. आई गेल्यावर त्यात सापडलेली लोणची तो एकेक करून मोजतो. आधी दोघी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. सहाव्याला ड्रम सुटले आणि मी टेबलासकट हादरलो. “हे मला कळतंय,” मिनेको म्हणाली, “हे सगळं हाताला कळतंय.” शेवटच्या गाण्यात तो दोन ओळी म्हणून थांबायचा. जिथे बाकीचे तिघे सूर मिसळायचे, ती जागा त्याने मोकळी सोडली होती. पहिल्यांदा ती तशीच गेली. दुसऱ्यांदा त्या जागेत दोघी गायल्या, आपसूक, आणि सपशेल बेसूर. सव्वीस वर्षं मी नामांकित आवाज वाजवले, पण एवढं सुरेख काही माझ्यासमोर झालं नव्हतं.

चकतीच्या डबीत एक कार्ड होतं. अल्बम कसा वाटला ते कळवा, असं त्यावर छापलेलं. मिनेको तीन दिवस ते लिहीत होती. फुसाएला वाचून दाखवलं तेव्हा मीही ऐकलं.

“इसुरुगी-सान, सातवं गाणं हॉटेलच्या लिफ्टमध्ये शोभेल, ते नसतं तरी चाललं असतं. बाकी गाण्यांत तुम्ही पूर्वीइतके ओरडत नाही. आधी मला वाटलं, तुम्ही थकलात. मग कळलं की आता तुम्हाला कुणाच्या वरचढ ऐकू जायचं नाहीये, म्हणून तुम्ही बोलल्यासारखं गाताय. माझा एक कान गेलाय. मी तुमचा अर्धा अल्बम ऐकला, उरलेला अर्धा मैत्रिणीने मला सांगितला. तिने सांगितलेला अर्धा जास्त चांगला असेल, अशी शंका आहे. पुढचाही काढा. आम्ही आहोत.”

“सातवं मला आवडलं होतं,” फुसाए म्हणाली.

“मग तू वेगळं कार्ड लिही.”

उत्तर अजून आलेलं नाही. पण शरदात इसुरुगी सेंदाई शहरात गाणार आहे आणि दोघींनी तिकिटं काढली आहेत.

मित्रांनो, एवढंच सांगायचं आहे. एखादं यंत्र अडलं तर टाकण्याआधी त्याची धूळ पुसून बघा आणि दोनदा अपयश आलं तरी तिसऱ्यांदा लावून बघा. आपल्या माणसांपासून आपलं दुखणं कपाटात लपवून ठेवू नका, आणि कुणी अचानक गप्प झालं तर काय झालं हे विचारायला दोन वर्षं लावू नका. आम्ही यंत्रं फार तर वाजू शकतो. ऐकायला शेजारी कुणीतरी लागतं.