डाव्या तळव्याचा निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना मज्जातंतू आहे. जपानच्या डोंगरातल्या एका गावात शिगेझो नावाचा म्हातारा सुतार राहतो. त्याच्या डाव्या पायाच्या तळव्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत मी पसरलो आहे.

माझ्यात हजारो बारीक धागे आहेत. काही ऊब कळवतात, काही गारठा, काही दुखणं. सहा वर्षांच्या शिगेझोचा पाय निखाऱ्यावर पडला, तेव्हा मी कण्याला कळवलं आणि कण्याने लगेच पाय मागे ओढून घेतला. मेंदूला बातमी नंतर पोचली. मग तो रडला. पाय वाचला, पण दुखण्याला सगळ्यांनी नावंच ठेवली.

साठीनंतर त्याला मधुमेह झाला. माझे धागे टोकाकडून झिजत गेले. निरोप कमी झाले, मग थांबले. बायको कियो रोज त्याचे तळवे पुसून बघायची. ती गेली आणि घरात बघणारं कुणी उरलं नाही.

आमच्या गावात गरम झऱ्याचं न्हाणीघर आहे. कढत हौदात जो आधी गार पाणी सोडील, त्याची चेष्टा होते. त्या हिवाळ्यात शिगेझो थेट झऱ्याच्या कढत धारेखाली पाय सोडून बसू लागला.

"गेन्किची, सोड की गार पाणी. बाळासारखी आंघोळ करून घे."

"तुझे पाय आहेत का ओंडके?" त्याचा जुना मित्र गेन्किची म्हणाला.

"सुताराचे आहेत."

सगळे हसले. आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, तेही मी कामाला चुकलो म्हणून.

आठवड्याने गेन्किचीला न्हाणीघराच्या फरशीवर रक्ताचा ठसा दिसला.

"पाय वर कर."

तळव्याचं कातडं भाजून सोलून निघालं होतं. गेन्किचीने चेष्टा केली नाही. त्याला धरून दवाखान्यात नेलं. स्पर्श कळतो का ते बघायला डॉक्टरबाईंनी तळव्याला नायलॉनचा धागा टेकवला.

"कधी लावताय?" शिगेझोने विचारलं.

"पाच वेळा लावून झाला, आजोबा."

जखम चिघळली होती, पायाची दोन बोटं काढावी लागली. पाऊल वाचलं.

जखम भरल्यापासून गेन्किची त्याला न्हाणीघराच्या दारातच अडवतो.

"तळवे दाखव, मगच आत."

"तू काय माझी बायको आहेस?"

"नाही. तिला तुझ्या पायांचा वास सहन व्हायचा. दाखव."

मित्रांनो, दुखलं की आम्हाला खुशाल दूषणं द्या. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय दुखेनासे झाले, तर ते हातात घेऊन रोज बघा. गेन्किची अंगठ्याने तळवा चाचपतो, तेव्हा मला काहीच कळत नाही. शिगेझो मात्र मान खाली घालून त्याच्या हाताकडे बघत राहतो.