पाचवी फेरी कोणाची?

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. माझ्यावर टोला पडला की दोन माणसं एकमेकांना ठोसे मारायला पुढे होत, आणि पुन्हा टोला पडला की थांबत. मुष्टियुद्धाच्या रिंगणाला लागून माझी जागा असे आणि पंचांचं टेबल माझ्यापासून दोन हातांवर असे. म्हणूनच भिवाला जे लढत संपून गेल्यावर कळलं, ते मी त्याच्या आधी ऐकलं होतं. ते ओझं मी अजून वागवते आहे.

माझा जन्म मुंबईच्या एका ओतशाळेत झाला. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या एका आगबोटीसाठी मला ओतलं होतं. धुक्यात मी वाजले की समोरचे मचवे बाजूला होत. पुढे ती आगबोट मोडीत निघाली. तिचं लोखंड एकाने नेलं, लाकूड दुसऱ्याने नेलं, आणि मी दापोलीच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात येऊन पडले. तिथून १९२४ साली रावजी वस्तादांनी मला उचललं.

रावजी पलटणीतून पेन्शन घेऊन दापोलीच्या कॅम्पात राहायला आले होते. पलटणीत गोऱ्या शिपायांशी लढता लढता ते बॉक्सिंग शिकले होते. कुस्ती शिकवणारे वस्ताद गावोगाव होते, पण ठोसा कसा मारावा आणि कसा चुकवावा हे शिकवणारे आमच्या भागात ते एकटेच. घराच्या मागच्या पडवीत त्यांनी तालीम काढली आणि मला वाशाला टांगलं. घड्याळात तीन मिनिटं झाली की ते माझ्यावर टोला देत.

त्याच वर्षी भिवा आला. आंजर्ल्याच्या खलाशाचा मुलगा, वय अठरा, वल्ही मारून मारून खांदे रुंद झालेले. आठवड्यातून तीनदा तो तरीच्या होडीने खाडी ओलांडायचा आणि डोंगर चढून दापोलीला यायचा. रावजींना मूलबाळ नव्हतं. भिवा आला की त्यांच्या घरात पान वाढलं जायचं, आणि तो जेवल्याशिवाय वस्ताद हात धूत नसत. भिवाचा डावा हात लढताना खाली यायचा. तो खाली आला की रावजी वेताच्या काठीने त्याच्या कोपराला नुसता स्पर्श करत. कधी मारलं नाही. दोन वर्षांत तो हात खाली यायचा थांबला.

भिवा मुंबईला जाऊन लढू लागला. गोदीतल्या खलाशांशी लढला, पलटणीतल्या शिपायांशी लढला. बहुतेक वेळा जिंकला. जिंकून आला की आधी दापोलीला येऊन वस्तादांच्या पाया पडायचा आणि मग आंजर्ल्याला आईकडे, आवडाबाईंकडे, जायचा. त्या काळात तालमीत येणारा प्रत्येक जण मला एकदा हात लावून जाई. माझेही ते चांगले दिवस होते.

पण दहा वर्षांत भिवाची डावी भुवई दोनदा फुटली. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं, की तिसऱ्यांदा तिथे मार बसला तर डोळा जाईल. त्याने बायकोला, राहीला, शब्द दिला की आता एकच लढत, मग पुरे. ती लढत रत्नागिरीत ठरली होती.

मुंबईचे बाबूशेठ बॉक्सिंगच्या लढती भरवायचे. काशीराम नावाचा गिरण्यांच्या वस्तीतला तरुण त्यांच्याशी तीन वर्षांच्या कराराने बांधलेला होता. कोकण किनाऱ्यावर सगळ्यांत नावाजलेला भिवा, म्हणून त्याच्याशी काशीरामची लढत लावली की रत्नागिरी लोटणार, हे शेठना ठाऊक होतं. जिंकणाऱ्याचं बक्षीस एवढं होतं की भिवाला स्वतःचा छोटा मचवा घेता आला असता. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या मचव्यावर वल्ही मारली होती.

पंच तीन ठरले. एक मुंबईचे, एक रत्नागिरीचे वकील, आणि तिसरे रावजी. रावजींचं नाव खुद्द बाबूशेठनीच सुचवलं. "भिवाचाच गुरू पंच आहे म्हटल्यावर मुंबईवाल्यांनी लबाडी केली असं कोण म्हणेल?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. लोकांना ते आवडलं. भिवा तर निर्धास्त झाला.

१९३४ साल होतं. शिमगा उरकला होता. नाटकाच्या मांडवात रिंगण उभारलं आणि लढतीसाठी मला तालमीतून आणून पंचांच्या टेबलाशेजारी टांगलं. सकाळी मांडव रिकामा असताना बाबूशेठ आणि रावजी माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"वस्ताद," शेठ म्हणाले, "काशीराम जिंकला तर विजेता म्हणून त्याला घेऊन मी कोलंबोपर्यंत दौरा काढतो. जाहिराती छापून तयार आहेत. दौऱ्याला उस्ताद हवा. तुम्ही या. उत्पन्नात रुपयामागे चार आणे तुमचे."

"आणि भिवा जिंकला तर?"

"भिवा तर लढणं सोडतोय. मग दौरा कसला?"

रावजींनी रिंगणाचा दोर ओढून पाहिला. मग म्हणाले, "मी खोटं लिवायचा नाय."

"खोटं लिहा असं मी म्हटलं का? भिवा उघड जिंकला तर तोच जिंकला. पण अगदी काठावर आलं, तुम्हालाच शंका आली, तर जरा आमच्याकडे बघा. एवढंच."

रावजी हो म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्यावर बसलेली धूळ उपरण्याने पुसली आणि ते बाहेर गेले.

दुपारी चारला लढत सुरू झाली. घड्याळ बघून टोला द्यायचं काम सदूकडे होतं. हा सदू बाजारात घड्याळं दुरुस्त करायचा. फेऱ्या आठ होत्या. प्रत्येक फेरी झाली की पंचांनी ती कोणी जिंकली ते आपापल्या कागदावर लिहायचं, आणि शेवटी ते कागद सदूने गोळा करायचे; ज्याच्या फेऱ्या जास्त, तो त्या पंचाच्या मते विजयी.

पहिली फेरी काशीरामची, ती सरळ त्याचीच होती. दुसरी बरोबरीची. तिसरी, चौथी आणि पाचवी अटीतटीच्या झाल्या. काशीराम चपळ होता, त्याचे ठोसे जास्त. भिवाचे कमी, पण लागले की समोरच्याचं पाऊल हलायचं. पाचव्या फेरीत तर काशीराम दोनदा दोराला टेकला. तिसरी आणि चौथी रावजींनी काशीरामच्या नावावर लिहिली होती; पाचवीचा टोला पडल्यावर मात्र त्यांनी कागदावर 'भिवा' असं लिहिलं. ते मी पाहिलं. मग त्यांनी मान वर करून समोर बसलेल्या बाबूशेठकडे पाहिलं. नंतर 'भिवा' खोडलं आणि पुढे 'काशीराम' लिहिलं.

सहावी, सातवी आणि आठवी भिवाची होती, यात कोणालाच शंका नव्हती. पण आठवीत त्याची डावी भुवई पुन्हा फुटली. एका डोळ्यात रक्त उतरलं असताना तो शेवटची दोन मिनिटं लढला. त्याचा डावा हात मात्र तसूभरही खाली आला नाही. मी रावजींकडे पाहिलं, ते त्याच हाताकडे बघत होते.

निकाल जाहीर झाला. दोन पंच काशीरामच्या बाजूने, एक भिवाच्या. कोणत्या पंचाने काय लिहिलं ते सांगितलं नाही. मांडवात गलका झाला. काशीरामचा हात वर केला तेव्हा त्याने भिवाकडे पाहिलं नाही, तो खाली रिंगणातल्या तरटाकडे बघत राहिला.

भिवा डोळ्यावर फडकं धरून पंचांच्या टेबलाकडे आला. मला वाटलं तो जाब विचारेल. तो वाकून रावजींच्या पाया पडला.

"वस्ताद, तुमी वाईट वाटून घेव नका," तो म्हणाला. "ते दोघं तिकडं गेले. तुमच्या एकट्याच्या हातात काय व्हतं?"

रावजींनी पाय मागे घेतले. ते म्हणाले, "घंटा तालमीत नेऊन ठेव. मला मुंबईला काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सदू भिवाच्या रत्नागिरीतल्या मुक्कामी आला. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती. त्याने खिशातून एक कागद काढला. भिवाला अक्षरओळख होती आणि ते अक्षर तर त्याच्या फारच ओळखीचं होतं. त्याने कागद एकदा वाचला. मग उजेडाकडे धरून खोडलेलं नाव वाचलं.

"माझ्याकडून हे ठेववलं नाही," सदू म्हणाला. "वकिलांनी तुलाच जिंकवलं होतं."

भिवाने कागद खिशात घातला. मला गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि तो बंदरावर गेला. आगबोट बाहेर उभी होती आणि उतारूंना तिच्यापर्यंत नेणारा पडाव भरत होता. रांगेत बाबूशेठची माणसं होती, आणि त्यांच्यात वळकटी घेतलेले रावजी होते.

भिवाने कागद त्यांच्यापुढे धरला. "वस्ताद, ह्ये तुमी लिवलंत?"

रावजींनी कागद हातात घेतला नाही. "लढत काठावरची व्हती, भिवा. तू त्याला पाडला असतास तर कोन काय करनार व्हता? तीन फेऱ्यांत मला शंका आली."

"तीन येळा आली?"

"व्हय."

"आनि तीनी येळा त्याच्याच बाजूची आली?"

रावजींनी समुद्राकडे तोंड फिरवलं. पाठीमागून बाबूशेठनी हाक दिली, "उस्ताद, चला."

"पाचवीला तर तुमी माजं नाव लिवलं व्हतंत," भिवा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "म्हंजे तुमाला दिसलं व्हतं. परक्यानं न बगता लिवलं असतं तर मी इसरलो असतो. तुमी बगून खोडलंत."

रावजी पडावात चढले. भिवा मला खांद्यावर घेऊन तिथेच उभा राहिला.

मला घेऊन तो तालमीकडे वळलाच नाही. आंजर्ल्याला घरी पोचल्यावर आवडाबाईंनी विचारलं, "जिंकलास?"

"नाय."

"मग हरलास?"

"त्ये पन नाय, आये."

राहीने गोणपाट उघडून मला पाहिलं आणि म्हणाली, "त्येंची वस्तू घरात नको. खाडीत टाका." भिवाने मला खाडीत टाकलं नाही, पण माळ्यावर, फाटक्या जाळ्यांच्या ढिगाखाली ढकललं. तिथे मी दोन वर्षं होते. खाऱ्या हवेने माझ्यावर हिरवा गंज चढला. खाली भिवा जाळी विणत बसे, तेव्हा सुतळीचा दोर कुठे गेला ते हाताने चाचपडून शोधे. त्याचा डावा डोळा गेला होता. त्याला मी दिसत नव्हते, आणि मला वाटतं, त्याला मी दिसायलाच नको होते.

मग एके दिवशी बाबल्या आणि दत्ताराम हे दोन खलाशी भांडत त्याच्या दारात आले. वाळूवर दोघांनी ठोशांची लढत केली होती आणि कोण जिंकला ते ठरत नव्हतं. "तू सांग," ते म्हणाले.

"मी बगितली नाय," भिवा म्हणाला. "पुना लढा. मी येतो."

त्याने माळ्यावरून मला काढलं, घासलं, आणि किनाऱ्यावर सुरूच्या झाडाला टांगलं. गाव गोळा झालं. पहिली फेरी झाल्यावर भिवा उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही बाबल्याची. दत्ताराम मागं सरत व्हता." दुसरी झाली. पुन्हा तसंच, नाव आणि कारण. ज्याला पटलं नाही त्याने तिथल्या तिथे विचारावं, हा नियम त्याने पहिल्याच दिवशी घातला. चिठ्ठी नाही, आणि ज्याचं लढणाऱ्याशी नातं किंवा देणंघेणं असेल त्याने पंच व्हायचं नाही. शिकायला येणारे वाढत गेले आणि भिवाची तालीम उभी राहिली. मचवा मात्र त्याला कधी घेता आला नाही.

१९३८ साली रावजी आले. दौरा कोलंबोला पोचण्याआधीच बुडाला होता आणि शेठनी त्यांना वाटेतच सोडलं होतं. अंगावरचा कोट सैल झाला होता. लढत चालू होती. ते गर्दीत उभे राहून प्रत्येक फेरीचा निकाल मोठ्याने बोललेला ऐकत राहिले. लढत संपल्यावर पुढे आले.

"भिवा," ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पाचवी फेरी तुजी व्हती."

भिवाने राहीला पाणी आणायला सांगितलं. रावजी पाणी प्यायले. ते भांडं खाली ठेवेपर्यंत भिवा थांबला.

"मला ठाव हाय, वस्ताद," तो म्हणाला. "घंटा तुमची हाय, न्यायची तर न्या. जेवून जावा. पन हितं पंच म्हनून बसू नका."

रावजींनी माझ्यावर हात ठेवला. तो हात मी चौदा वर्षं ओळखत होते. मला त्यांनी नेलं नाही. ते जेवायलाही थांबले नाहीत. वाळूवरून तरीकडे जाताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि भिवाने त्यांना हाक मारली नाही. त्या संध्याकाळी मात्र तो जेवला नाही.

मित्रांनो, मी आता तडा गेलेली घंटा आहे. माझा आवाज पूर्वीसारखा घुमत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. कधीतरी तुम्हालाही दोघांमध्ये निकाल द्यायला बसवतील. उघड जिंकणाऱ्याला तुमची गरज नसते. त्याची जीत सगळ्या मांडवाला दिसते. काठावर उभ्या असलेल्या माणसाला पंच लागतो, कारण त्याचं सगळं आयुष्य तुमच्या एका शंकेवर टेकलेलं असतं. ती शंका कोणाला विकू नका. त्या माणसाला जपा.