हँडलवाले आणि सेल्फवाले

गावात जुन्या मोटारींचे दोन क्लब होते. एकाला लोक हँडलवाले म्हणत, दुसऱ्याला सेल्फवाले. हँडलवाल्यांची गाडी सुरू करायची तर पुढे जाऊन, वाकून, लोखंडी हँडल खुपसून इंजिन गरकन फिरवावं लागे. सेल्फवाल्यांच्या गाड्याही जुन्याच, पण जरा अलीकडच्या. बटण दाबलं की चालू. फरक म्हणाल तर एवढाच. पण तेवढ्यावरून दोन्हीकडच्या भल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. रस्त्यात समोरासमोर आलेच, तर एकमेकांच्या टायरकडे बघून पुढे जात.

आता मात्र एकत्र येण्यावाचून कुणाचंच भागणार नव्हतं. हँडलवाल्यांकडे मोठी शेड होती, पण माणसं उरली नव्हती. उरलेल्यांतली निम्मी चहापुरती येत. सेल्फवाल्यांकडे माणसं उदंड, पण ज्या बंद थिएटरच्या आवारात त्यांच्या गाड्या उभ्या असत ते आवार पाडायला काढलेलं. तुमचं छप्पर, आमची माणसं, असा सरळ सौदा. आणि सरळ सौद्यात घोळ घातल्याशिवाय राहतील तर ते क्लबचे सभासद कसले.

बैठक सेल्फवाल्यांच्या अध्यक्षीणबाईंच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत भरली. बाई दातांच्या डॉक्टर. भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र, त्याच्याखाली दोन्हीकडचे लोक अंग चोरून बसलेले, जणू नंबर कधी लागतोय याचीच धास्ती.

हँडलवाल्यांचा चिटणीस औषधाचं दुकान चालवायचा, म्हणून तो केमिस्ट. काउंटरमागे उभं राहून जन्म गेल्यामुळे त्याला एक खोड जडली होती. समोरचा काय मागतोय यापेक्षा त्याला झालंय काय, याचा हिशेब तो आधी मांडायचा. कोण तावातावानं बोलतोय, त्यातला राग किती, भीती किती, घरचं भांडण इथे आणलंय ते किती, अशी वजाबाकी करत तो कोपऱ्यात बसला होता. बाकी बऱ्याच जणांची शून्यच येत होती.

नाव काय ठेवायचं, शेडची किल्ली कुणाकडे, कुठली गाडी भिंतीकडे, सगळं एकदाचं मिटलं. राहिला तो हँडलवाल्यांचा नियम. दरवर्षीच्या फेरीला निघण्याआधी प्रत्येकानं सगळ्यांसमोर आपली गाडी स्वतः हँडल मारून सुरू करायची. ज्याला जमलं नाही त्याची गाडी फेरीत नाही. ती दिवसभर दोरीमागे उभी. नियम लिहिला होता केमिस्टच्या सासऱ्यांनी. ते न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना जजसाहेब म्हणे आणि तेही गावाला तसंच वागवत.

"हा नियम राहणार नसेल, तर शेडही राहू द्या," जजसाहेब म्हणाले.

सेल्फवाल्यांत कुजबूज झाली. "आमच्या गाड्यांना हँडलचं भोकच नाही, साहेब."

"तुम्हाला लागू नाही. ज्यांना हँडल आहे त्यांच्यापुरता आहे. पण राहील."

डॉक्टरबाई नको म्हणतील आणि आपण सुटू, असा केमिस्टचा अंदाज. बाई हसल्या. समोरच्याला तोंड उघडायला लावण्याआधी हसतात तसं.

"राहू द्या की. आमची कुठे ना आहे? फक्त रविवारी एकत्र फेरी काढू, आणि सुरुवात तुमच्या गाडीपासून. नियम ज्यांनी केला, त्यांनीच दाखवावा. आमची पोरंही बघतील."

"अलबत," जजसाहेब म्हणाले.

केमिस्टची वजाबाकी तिथेच थांबली. कारण जजसाहेबांचा उजवा खांदा कामातून गेला होता, आणि ते ठाऊक असलेली माणसं दोनच. एक स्वतः जजसाहेब, दुसरा तो. चहाचा कप ते डाव्या हातानं उचलत, आणि लोक म्हणत, काय ऐट आहे बघा. गेले कित्येक महिने केमिस्ट दुकान उघडण्याआधी शेडमध्ये येई, आतून दाराला कडी घाली आणि सासऱ्यांची गाडी हँडल मारून सुरू करून देई. मग जजसाहेब दार उघडून, टोपी नीट करून, गाडी बाहेर काढत. बायकोलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं. वडिलांच्या बाबतीत ती फार हळवी, आणि तिच्या पोटात काही राहत नाही, असं त्याचं मत. तिचंही त्याच्याबद्दल हेच मत होतं.

शनिवारी तो शेडमध्ये गेला तेव्हा जजसाहेब गाडीच्या पितळी दिव्यांवरून फडकं फिरवत होते. गाडी उंच, काळी, उघड्या टपाची. त्यांच्या वडिलांहूनही वयानं मोठी. बाजूला लाकडी पेटीत तिच्या ठिणगीच्या कॉइल. स्विच टाकला की त्या पेटीतून माशी अडकल्यासारखा गूंऽऽ असा आवाज येत राही.

"मामा, नियम मागे घ्या," केमिस्ट म्हणाला. "अजून वेळ गेली नाही. मी सगळ्यांना फोन करतो."

"आणि काय सांगता?"

"विचार बदलला म्हणून."

"आता बदलला तर खांद्यासाठी बदलला, असं होईल. आणि ते खरं असेल." त्यांनी फडक्याची घडी घातली. "जावईबापू, मी माणसांना याहून लहान गोष्टीसाठी आत पाठवलंय."

"मग उद्या काय करणार?"

"उद्या तुम्ही नेहमीसारखी सुरू करा. मी अंगणात आणीन. सगळे जमेपर्यंत बंद करून ठेवीन. नंतर बघू."

"नंतर बघू म्हणजे? खांदा निखळेल, मामा. हँडलनं उलटा झटका दिला तर मनगटही जाईल."

"हँडलला मी हात लावणार नाही."

"म्हणजे दोरीमागे उभे राहणार?"

जजसाहेब फडकं घेऊन दुसऱ्या दिव्याकडे वळले. केमिस्टनं त्या वळण्याचा हिशेब मांडून पाहिला, पण ताळा जमेना. दोरीमागे उभी केलेली गाडी म्हणजे काय, हे त्यानं पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी शिंप्याची गाडी तिथे राहिली. पुढच्या वर्षी शिंपी आला नाही, आणि मग गाडीही गेली.

रविवारी शेडच्या अंगणात दोन्ही क्लब लोटले. सेल्फवाल्यांनी गाड्या भिंतीपासून रांगेत लावल्या होत्या आणि दिमाखात सुरूच ठेवल्या होत्या. त्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. जजसाहेबांनी गाडी मधोमध आणून उभी केली. इंजिन चांगलं तापलेलं होतं. मग त्यांनी ती बंद केली, पण केमिस्टनं आजवर पाहिली नव्हती अशा पद्धतीनं. आधी पेट्रोलचा दांडा पुढे लोटून इंजिनाला थोडं धावू दिलं आणि त्या धावण्यातच स्विच काढला. शेवटच्या चार-दोन फेऱ्या इंजिन ठिणगीवाचून नुसतंच श्वास ओढत फिरलं आणि थांबलं. जजसाहेब मान तिरकी करून ते थांबणं ऐकत होते.

त्यानंतर ते गाडीतून उतरलेच नाहीत. हँडलवाल्यांतला घड्याळजी कौतुकानं पुढे आला आणि हँडलला टेकणार तोच त्यांनी आवाज दिला, "हात लावू नका तिला."

"पुसतोय फक्त, साहेब."

"पुसूही नका."

घड्याळजी हिरमुसला. केमिस्टला वाटलं, म्हाताऱ्याचा तोल चाललाय. शेडच्या कडेला पिवळी दोरी बांधून तयार होती, आणि तिच्यामागे एका गाडीपुरती जागा मोकळी सोडलेली. ती कुणी सोडली, हे त्याला कळेना. मग आठवलं, सकाळी सगळ्यांत आधी शेडवर जजसाहेबच आले होते.

लोक गोळा झाले. डॉक्टरबाई पुढे आल्या. "हं, जजसाहेब. उतरताय ना?"

"नाही. पण तुमचे लोक जरा गाड्या बंद करतील का?"

रांगेतली इंजिनं एकेक करत थांबली. अंगण इतकं गप्प झालं की कुणाच्या तरी खिशातल्या किल्ल्या वाजल्या तर चार जणांनी वळून पाहिलं. समोर लोखंडी हँडल लोंबत होतं आणि त्याच्याजवळ चिटपाखरू नव्हतं. जजसाहेबांनी डाव्या हातानं स्विच टाकला. पेटीतून गूंऽऽ आवाज सुरू झाला. मग त्यांनी स्टिअरिंगखालची, ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी पितळी काडी दोन बोटांनी धरली आणि घड्याळाचा काटा लावावा तशी अलगद खाली ओढली.

गाडीच्या पोटात एकच ठोका पडला. बंद दारावर आतून कुणी टकटक करावं तसा. समोरचं हँडल कुणी न फिरवता किंचित थरथरलं. मग दुसरा ठोका, मग तिसरा, आणि ती शंभरावर वर्षांची काळी गाडी, कुणीही हात न लावता, आपसूक सुरू झाली. पुढचे दिवे थरथरायला लागले. बॉनेटवर कुणाच्या तरी पोराचं प्रतिबिंब होतं, तेही थरथरायला लागलं.

कुणी टाळी वाजवली नाही. एका सेल्फवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली, का काढली ते त्यालाही ठाऊक नसावं. केमिस्ट हँडलकडे बघतच राहिला. हे इंजिन त्यानं इतके महिने रोज सकाळी छातीचा भाता होईपर्यंत फिरवलं होतं, त्याचा बोल्ट न् बोल्ट आपल्याला पाठ आहे असं त्याला वाटे. आणि ते असं काही पोटात ठेवून बसलं होतं. थांबतानाच पेट्रोलच्या वाफेचा शेवटचा घास तोंडात धरून ठेवायचा आणि ठिणगीची वाट बघायची. सगळं समजल्यावरही ते त्याला खरं वाटेना.

"हे... हे नेहमी होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज दवाखान्यातला नव्हता.

"नाही. दहादा केलं तर कधी तीनदा. कधी एकदाही नाही."

"मग आज कसं केलंत?"

"केलं नाही. विचारून बघितलं." जजसाहेब सगळ्यांकडे वळले. "नियम हँडलचा आहे. माझा उजवा खांदा उठत नाही. रोज सकाळी आमचे जावई दार लावून गाडी सुरू करून देतात. आज जे झालं ते हँडल नव्हे. तेव्हा माझी गाडी दोरीमागे. त्याआधी एकदा तिचा आवाज सगळ्यांना ऐकवावा म्हटलं."

आणि त्यांनी स्विचकडे हात नेला.

"बंद करू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"बाई, नियम तुम्हीच मान्य केलाय."

"केला, या वयात तुम्हाला जमायचं नाही म्हणून, कात्रीत पकडायला केला. आता मीच पकडली गेलेय. हे बंद करा म्हणायला माझी जीभ धजणार नाही. नियम काढून टाकू."

"माझ्यासाठी नाही काढायचा."

इथे सगळं अडलं असतं. जजसाहेबांना स्वतःसाठी सवलत घ्यायला लावणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, आणि बाईही माघार घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. तेवढ्यात घड्याळजी खाकरला.

"माझ्यासाठी काढा मग," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "माझी गाडी सकाळी पुतण्या सुरू करून, तापवून जातो. तापलेली असली की एका झटक्यात लागते. तुम्हाला दिसतो तो तेवढा झटका माझा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बेकरीवाला म्हणाला, त्याची बायको सुरू करते. मग शाळामास्तर म्हणाले, "आमच्याकडे शेजारी." एकेक करत सगळे बोलले. केमिस्ट ऐकत राहिला. इतके महिने त्याला वाटायचं की शेडमध्ये कडी घालून बसणारा आपण एकटेच. आणि या गावात सकाळी सकाळी किती दारांना आतून कड्या लागत होत्या. प्रत्येकजण दुसऱ्याच्या ताकदीपुढे मान लववत होता, आणि ती ताकद कुणाकडेच नव्हती.

"म्हणजे नियम पाळत कोण होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"शिंपी," घड्याळजी म्हणाला. "त्याला घरात कुणी नव्हतं."

 इंजिन तेवढं चालू होतं. ठोक्याठोक्यात इतकं अंतर की एकेक मोजता यावा. जजसाहेबांचं तोंड उतरलं होतं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ निकाल दिले असतील, पण हा निकाल त्यांना बसल्या जागी ऐकावा लागला.

"नियम रद्द," ते शेवटी म्हणाले. "आणि शिंप्याकडे मी आज जाणार. गाडी नसली तरी त्याला फेरीत जागा आहे. बसा, जावईबापू."

केमिस्ट शेजारी चढून बसला. "आत्ता जायचं? फेरीआधी?"

"तो येईपर्यंत फेरी निघायची नाही. काय, डॉक्टरबाई?"

"आम्ही थांबतो," बाई म्हणाल्या, आणि स्वतः जाऊन दोरीची गाठ सोडू लागल्या. गाठ पक्की होती. घड्याळजी मदतीला गेला.

गाडी हळूहळू फाटकाकडे निघाली. सेल्फवाल्यांच्या रांगेतून जाताना एकानंही बटणाला हात लावला नाही. आपापल्या दारांशी उभे राहून ते ऐकत होते. फाटकाबाहेर चढ होता. जजसाहेबांनी डाव्या हातानं स्टिअरिंग धरून उजव्या खांद्याकडे एकदा पाहिलं.

"चढावर बंद पडली तर?" केमिस्टनं विचारलं.

"तर तुम्ही उतराल आणि भर रस्त्यात हँडल माराल. सगळ्यांच्या देखत."

"आणि शिंपी घरात घेईल का आपल्याला?"

"ते मला माहीत नाही," जजसाहेब म्हणाले, आणि त्यांनी पेट्रोलचा दांडा जपून पुढे सारला.