शेणतळ्यावरचं झाकण

सरकारने देल्फिम बेतेनकोरच्या शेणावर झाकण बसवलं, त्या आठवड्यात गावच्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. फोटोत तो, दोन अधिकारी आणि मागे फुगलेलं काळं प्लास्टिक. तिघांपेक्षा प्लास्टिकच जास्त खूश दिसत होतं.

योजना साधी होती. नऊशे गाईंचं शेण पाण्याने धुऊन तळ्यात सोडायचं. तळ्यावर झाकण. झाकणाखाली साचलेला वायू नळीने न्यायचा, म्हणजे तो आभाळात जाऊन जग तापवणार नाही. झाकणाचा खर्च सरकारचा. देल्फिमने फक्त दहा वर्षं गाई पाळायच्या होत्या. पोर्तुगालच्या असोर्स बेटांवरून बापाचं बोट धरून कॅलिफोर्नियात आला तेव्हापासून त्याने दुसरं केलं काय होतं? दहा वर्षं म्हणजे काय मोठंसं, असं म्हणून त्याने सही ठोकली. तेव्हा तो बासष्टचा होता आणि दोन्ही गुडघे त्याचे स्वतःचे होते.

आता सहा वर्षं झाली होती. डावा गुडघा स्टीलचा होता. तिकडे असोर्समधल्या तेर्सेरा बेटावर लूर्दच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, बहिणीने समुद्रासमोरचं घर दोघांसाठी मोकळं ठेवलं होतं. शेजारचा बदामाच्या बागांचा मालक जमीन घ्यायला तयार होता. मुलगी शिकागोत दातांची डॉक्टर होती आणि गोठ्याचं नाव काढलं की तिचंच डोकं दुखायचं. सगळं जुळून आलं होतं. आडवं आलं होतं ते फक्त झाकण.

"चारच वर्षं राहिली, मिस्टर बेतेनकोर," योजनेची अधिकारी रेनाता ओचोआ फोनवर म्हणाली. बाई फार गोड होती. तिच्यावर चिडता यायचं नाही, हीच खरी अडचण. "गाई विकल्यात तर करार मोडला. मग झाकणाची सगळी रक्कम परत."

त्या रकमेत जमीन, घर आणि बहुधा गुडघाही गेला असता.

"आणि मी मेलो तर?"

"करार वारसांना लागू होतो." मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं. "पण असं अभद्र बोलू नका हो."

वाट शोधली ती एझेकिएलने. हा पलीकडचा गोठेवाला, देल्फिमच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्याला करारांतली बारीक अक्षरं वाचायचा नाद होता. पवित्र आत्म्याच्या सणाला अख्खा गाव जेवायला बसला असताना, रश्शात पाव बुडवत तो म्हणाला, "पान एकोणचाळीस. लागोपाठ दोन तिमाही वायू ठरल्या रेषेखाली गेला, की प्रकल्प अव्यवहार्य. त्यांचं झाकण ते घेऊन जाणार. तू सुटलास."

"म्हणजे गाई उपाशी ठेवू?"

"गाईला कोण हात लावतंय, गाढवा? पाणी सोडू नकोस. तुझ्या बापासारखं ट्रॅक्टरने शेण ओढ, उन्हात टाक. वाळल्या शेणाला कसला आलाय वायू!"

देल्फिमचा घास हातातच राहिला. खरंच की. बापाच्या काळी शेण उन्हात वाळायचं आणि वायू फारसा होतच नसे. मग पाण्याने धुवायची सोय आली, सोयीपाठोपाठ वायू आला, आणि वायू धरायला झाकण आलं. प्रगती म्हणतात ती हीच असावी. त्याने आणखी रस्सा वाढून घेतला.

जुलैत पाण्याचा व्हॉल्व्ह बंद झाला. ऊन असं होतं की शेण पापडासारखं वाळलं. झाकणाला सुरकुत्या पडल्या, मग ते पोट खपाटीला गेल्यासारखं खाली बसलं. सप्टेंबरअखेर पहिल्या तिमाहीचा आकडा रेषेखाली. रेनाताने काळजीने तब्येतीची चौकशी केली, झाकणाच्या. लूर्दने कपाटावरून दोन सूटकेसी काढल्या.

नोव्हेंबरात धुकं उतरलं. या खोऱ्यात ते उतरलं की पंधरा-पंधरा दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. शेण वाळेना. ट्रॅक्टर ओढून नेई त्याच्या दुप्पट मागे राही. गाई घोट्यापर्यंत घाणीत उभ्या राहू लागल्या. डिसेंबर लागताच सहाशे बारा नंबरची लंगडली. देल्फिमने तिचा खूर उचलून पाहिला. बेचक्यात सडलं होतं. त्याने खूर खाली ठेवला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"किती लंगडतायत?" लूर्दने विचारलं.

"दोन-चार."

"खरं सांग."

"चाळीस."

ती तेर्सेराला न्यायची ताटं वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "चार आठवडे राहिले, देल्फिम. वर्षं नाहीत, आठवडे! औषध लाव, पट्ट्या बांध. समुद्राकडे पाय पसरून मी कधी बसलेय, सांग बरं."

"बसशील."

"हं. तुला पाय दिसतात ते फक्त गाईंचे."

त्याने नऊ दिवस काढले. पट्ट्या बांधल्या, औषध लावलं, गोठ्यात जाताना नजर छताकडे ठेवली. दहाव्या दिवशी रविवार होता. चर्चला जायचा कोट घालूनच तो गोठ्यात डोकावला. दूध काढायला सगळ्या उठल्या, सहाशे बारा उठली नाही. त्याच्याकडे बघत नुसती बसून राहिली.

गोठ्यातला फक्त हाच पट्टा धुवायचा, देल्फिमने दारुड्यासारखं स्वतःला बजावलं, आणि फक्त आजच. व्हॉल्व्ह फिरला. पाणी धाडधाड सुटलं. एक पट्टा लख्ख झाल्यावर शेजारचा बघवेना. तो धुतल्यावर तिसरा. कोट भिजला, चर्च बुडालं. स्वयंपाकघरात लूर्दला पाण्याचा आवाज आला आणि तिचे हात थांबले. ते पाणी मग रोज वाहत राहिलं, एकतीस डिसेंबरपर्यंत.

जानेवारीत रेनाताचा फोन आला. "अभिनंदन, मिस्टर बेतेनकोर! रेषेच्या वर! अगदी केसभर, पण वर! मला तर धास्तीच होती. वाचलात!"

"वाचलो," देल्फिम म्हणाला.

त्याने फोन ठेवला, तेव्हा लूर्द ताटं सोडवत होती. सहा तिने फडताळात मांडली. उरलेली सहा तशीच कागदात.

"ती कशाला ठेवलीस?"

"मी मार्चमध्ये जातेय."

"अगं, पण करार..."

"त्याच्यावर माझी सही कुठाय?"

सही एकट्या देल्फिमचीच होती. यावर तोडगा पान एकोणचाळीसवरही नसावा. खिडकीबाहेर धुक्यात झाकण तट्ट फुगलं होतं आणि सहाशे बारा दूध द्यायला निघाली होती, चारही पायांवर. तिची वेळ झाली होती, म्हणजे त्याचीही. देल्फिमने बूट घातले.