एका यंत्रापुढे एकच नाव

संगणकाचं बटण दाबल्यापासून पडद्यावर काहीतरी उमटेपर्यंत जो क्षणभर अंधार असतो, त्या अंधारात राबणाऱ्या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात, आणि तेवढं बिघडलं तर बाकी सगळं शाबूत असूनही यंत्र विटेइतक्याच उपयोगाचं उरतं. हे फर्मवेअर कंपन्यांच्या तावडीतून सोडवून सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं, असा ध्यास घेतलेली दोनेकशे माणसं जगभर विखुरलेली होती. फुकट राबणारी, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली आणि कोडच्या एका ओळीवरून महिनाभर भांडू शकणारी. त्यांतलीच एक आपल्या गोष्टीतली ही बाई. दिवसा ती दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडे, म्हणून ओळखीचे लोक तिला काटेवाली म्हणत, आणि चार ग्रॅमची लबाडीही नजरेतून सुटत नसल्यामुळे तिला ते नाव मनातून आवडेही. घरी मात्र मागच्या खोलीतल्या टेबलावर ती एका जुन्या लॅपटॉपची राखण करी. ते मॉडेल बनवणाऱ्यांनी कधीच वाऱ्यावर सोडलं होतं; ते अजून चालत होतं ते काटेवालीसारख्यांच्या जिवावर.

प्रकल्पात एक यादी असे. प्रत्येक मॉडेलपुढे त्याच्या मेंटेनरचं, म्हणजे ते सांभाळणाऱ्याचं नाव. नाव नसलं की ‘अनाथ’ असा शेरा पडे, आणि दोन आवृत्त्यांत कोणी वाली मिळाला नाही तर त्या मॉडेलचा सगळा कोड उचलून बाहेर टाकला जाई. आता यादी म्हटली की ती शिळी होणारच. कोणाला मूल होतं, कोणी नोकरी बदलतो, कोणी नुसताच कंटाळतो आणि कळवत नाही. म्हणून वर्षातून एकदा यादीवाला, म्हणजे ती यादी ताजी ठेवण्याचं काम नशिबी आलेला एक सोशिक गृहस्थ, सगळ्यांना मेल पाठवी: अजून आहात का? असाल, तर तीन आठवड्यांत आपल्या हातातलं यंत्र सुरू करून त्याची नोंद पाठवा. ही नोंद यंत्र स्वतःच लिहून देई. तारीख, वेळ, तळाच्या पट्टीवरचा क्रमांक, आणि यंत्र आजवर कितव्यांदा सुरू झालं तो आकडा. मागे काही महाभागांनी बनावट नोंदी पाठवल्यापासून आणखी एक अट आली होती, की यंत्र सुरू होताना शेजारी असलेल्या दुसऱ्या माणसाने खाली एक ओळ लिहून ग्वाही द्यायची. काटेवालीच्या नोंदीखाली तिचा नवरा लिही. तो शाळेत भूगोल शिकवी, संगणकातलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण त्याची ओळ दरवर्षी ठरलेली असे: ‘पडदा उजळला, मी शेजारीच होतो.’

त्या मॉडेलपुढे दोन नावं होती. एक तिचं आणि दुसरं काकांचं. काका म्हणजे कुठल्याशा शहरातले निवृत्त तंत्रज्ञ. त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा आवाजही ऐकला नव्हता. पण नऊ वर्षांपूर्वी तिने पाठवलेल्या पहिल्यावहिल्या दुरुस्तीत त्यांनी एकवीस चुका दाखवल्या होत्या आणि शेवटी लिहिलं होतं, ‘पोरी, हात चांगला आहे तुझा. सोडू नकोस.’ वडील लवकर गेलेल्या बाईला कोणी ‘पोरी’ म्हटलं की ती त्या शब्दाला बांधली जाते. काटेवाली तशी बांधली गेली. पुढे तिला जे काही येत गेलं ते काकांनी शिकवलेलं होतं, आणि यादीत आपलं नाव त्यांच्या नावाखाली आहे याचा तिला पगारापेक्षा जास्त अभिमान होता.

यंदा यादीवाल्याचे हात अपुरे पडले. शिवाय दोघं-दोघं मिळून एकच यंत्र दाखवतात आणि यादी नुसती फुगते असं कुठंतरी उघडकीला आलं होतं, म्हणून नवा नियम झाला, की एका यंत्रापुढे एकच नाव. मेंटेनरांनीच एकमेकांच्या नोंदी तपासाव्यात असं त्याने सुचवलं, आणि मॉडेल एकच म्हणून काकांची नोंद तिच्याकडे आली. तिला ओशाळल्यासारखं झालं. ज्याने काटा धरायला शिकवलं त्याचाच काटा तपासायचा? तशा या नोंदी सगळ्यांना खुल्याच असत, पण उघड्यावर ठेवलेलं कोण वाचतं. नऊ वर्षांत तिने काकांची एकही नोंद उघडली नव्हती.

उघडली, आणि तिसऱ्याच ओळीत ती अडखळली. यंत्राचा क्रमांक तिच्या यंत्राचा होता. तो तिला पाठ होता. खाली ग्वाहीची ओळ होती: ‘पडदा उजळला, मी शेजारीच होतो.’

काटेवालीने तर्क बांधला. काकांचं यंत्र मेलं असणार, आणि ते कबूल करायची लाज वाटून त्यांनी तिची नोंद उचलून आपल्या नावाने पाठवली असणार. ग्वाहीसुद्धा बदलायचे कष्ट घेतले नव्हते. म्हाताऱ्या माणसाची एवढीशी लबाडी; पण तिला आतून कापल्यासारखं झालं. त्यांनी मागितलं असतं तर तिने आपलं यंत्र बांधून त्यांना पाठवलं असतं, आणि याच माणसाने तिला एकदा दोन आठवडे बोलणी खायला लावली होती, का तर न तपासता ‘तपासलं’ असं लिहिलं म्हणून.

मग तिचं लक्ष आकड्याकडे गेलं. तिने रविवारी आपली नोंद पाठवली तेव्हा यंत्र चारशे बाराव्यांदा सुरू झालं होतं. काकांच्या नोंदीतला आकडा चारशे तेरा होता, आणि वेळ मंगळवारची, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. नक्कल मूळच्या पुढे कशी जाईल? ती मागच्या खोलीत गेली आणि यंत्र सुरू केलं. पडद्यावर आकडा आला, चारशे चौदा.

काट्यांच्या धंद्यात प्रत्येक वजन वहीत उतरवायची सवय लागते. या यंत्राचीही तिची एक वही होती, पहिल्या दिवसापासूनची. त्यातले आकडे मध्येमध्ये गाळलेले होते. तीनशे नव्वदनंतर एकदम तीनशे ब्याण्णव, मग त्र्याण्णव, मग पंचाण्णव. जुनं यंत्र आहे, एखादा आकडा गिळत असेल, असं म्हणून तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. आता तिने काकांनी नऊ वर्षांत पाठवलेल्या सगळ्या नोंदी उघडल्या, वर्षाच्या आणि मध्ये दुरुस्त्या तपासताना पाठवलेल्याही, आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत वहीशी ताडून पाहिल्या. वहीत जो आकडा नव्हता तो काकांकडे होता. एकही दोनदा आला नव्हता, एकही राहिला नव्हता. तिच्या वहीचं पहिलं पान दोनपासून सुरू होत होतं, आणि एक काकांचा होता.

मंगळवारी दुपारी तीन वाजता ती बाजारपेठेत काटे तपासत असते, नवरा शाळेत असतो आणि घराला कुलूप असतं. तिने काकांना मेल लिहिला, चार वेळा खोडला, आणि शेवटी दोनच ओळी पाठवल्या. ‘तुमच्या नोंदीत माझ्या यंत्राचा क्रमांक आहे. काही चूक झाली असेल तर कळवा, मी कोणाला बोललेले नाही.’

उत्तर तासाभरात आलं.

‘पोरी, तू हे कधी विचारतेस याची मी नऊ वर्षं वाट पाहतोय. माझ्या यंत्राचे आकडे मधूनच पुढे सरकतात हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि कोण सरकवतंय तेही. शिकतेय, तर शिकू दे, म्हणून गप्प राहिलो. पण आता एका यंत्रापुढे एकच नाव हवं आहे. मी यादीवाल्याला सगळं खरंखरं कळवलं आहे. मनाला लावून घेऊ नकोस. आणि टेबलाचा खण लावताना जरा वर उचलून लावत जा. तू तो तसाच ढकलतेस आणि मग माझ्याच्याने उघडत नाही.’

तिने खणाकडे पाहिलं. तो खरोखरच उचलून लावावा लागे. ही गोष्ट तिने कधी कोणाला सांगितली नव्हती, सांगण्यासारखी नव्हतीच.

संध्याकाळी नवरा वह्या तपासत बसला होता. तिने त्याच्यासमोर दोन्ही नोंदी ठेवल्या.

“ही ओळ तुझी आहे?”

“हो.” त्याने मान वरही केली नाही.

“आणि ही?”

“तीही.”

“मंगळवारी तू शाळेत असतोस.”

“मंगळवारी आमची शाळा अर्धीच असते. सांगितलं होतं तुला. तू कुठे लक्ष देतेस?”

“म्हणजे ते इथं येतात? माझ्या माघारी?”

त्याने लाल पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे पाहिलं, वर्गातल्या मठ्ठ मुलाला समजवायच्या आधी पाहावं तसं. “येतात काय? असतात. त्यांनी विचारलं, लिहून दिलं. तू विचारलंस, तुलाही दिलं. मी कशाला कोणाचं मन मोडू? आणि खरं सांगू का, तुझ्याबद्दल ते कधी एका शब्दाने वाईट बोलले नाहीत.”

“ते यंत्र मी आणलंय,” ती म्हणाली. “बंद पडणाऱ्या दुकानातून. बसमध्ये मांडीवर घेऊन. तू होतास बरोबर.”

“होतो की. पण त्या पिशवीत काटा होता. यंत्र आपण इथं राहायला आलो तेव्हा त्या खोलीत होतंच, टेबलासकट.”

तो पुन्हा वह्यांकडे वळला. रागावला नव्हता, घाबरला नव्हता, काही लपवतही नव्हता. नऊ वर्षं ज्याच्या शेजारी झोपलो त्याने आपल्याला फसवलंय हे त्याला कळतसुद्धा नाही, याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तिने ओरडायला हवं होतं. त्याऐवजी तिने पानं वाढली.

दुसऱ्या दिवशी यादीवाल्याचा मेल आला. तो बिचारा अदबीने लिहिणारा माणूस. एकाच यंत्रावर दोघांचा दावा आहे, तेव्हा नियमाप्रमाणे ग्वाही देणाऱ्यालाच विचारावं लागेल, आणि तुमच्या दोघांचा साक्षीदार एकच असल्यामुळे काम सोपं आहे, असं त्याने कळवलं होतं.

“तुला मेल येईल,” तिने नवऱ्याला सांगितलं. “जे पाहिलंयस तेवढंच लिही. बाकी काही मागत नाही मी.”

“तेवढंच लिहीन,” तो म्हणाला.

चार दिवस ती कामावर गेली, काटे तपासले, शिक्के मारले. एका किराणा दुकानदाराने विचारलं, “आज बरं नाही का? माझा काटा तुम्ही दोनदा बघितलात.” पाचव्या दिवशी यादी ताजी झाली. काकांचं नाव जागच्या जागी होतं. तिचं खालच्या ‘माजी’ या मथळ्याखाली गेलं होतं, आजवरच्या कामाबद्दल आभार मानून. सोबत साक्षीदाराचं उत्तर जोडलेलं होतं. ‘यंत्र सुरू होताना मी दरवेळी शेजारी होतो. टेबलापाशी काका होते. दुसऱ्या कोणाला पाहिल्याचं मला आठवत नाही.’

ते वाक्य तिने इतक्यांदा वाचलं की त्यातले शब्द सुटे होऊन गेले. हरकत घ्यायची तर तीन आठवड्यांत घेता येणार होती. पण हरकतीच्या नोंदीखालीही कोणाची तरी ग्वाही लागणारच होती.

मंगळवारी ती कामावर गेली नाही. कोणाला काही न सांगता मागच्या खोलीत जाऊन यंत्रासमोरच्या खुर्चीत बसली. काका येणार असतील तर दारातून येतील, तिला बसलेली पाहतील, आणि मग जे काय बोलायचं ते तोंडावर बोलू, एवढंच तिने ठरवलं होतं. आपण आहोत हे एकदा कोणीतरी पाहिलं की पुरे. अडीचला बाहेरचं दार उघडलं. चपला काढल्याचा, हातपाय धुतल्याचा आवाज आला, मग स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवल्याचा. नवराच होता. त्याला हाक मारावी असं वाटलं, पण तिने मारली नाही. दुसरं कोणी आत आलं नाही. तीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटं झाली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि तिच्यासमोर पडदा हळूच उजळला. आकडा आला, चारशे पंधरा.

नवरा दोन कप घेऊन खोलीत आला. एक त्याने तिच्या कोपराजवळून पुढे सरकवून टेबलावर ठेवला. तिला काटेकोरपणे चुकवून, तिच्या खांद्याच्या थोडं वर, मागे बघत तो अगदी घरगुती आवाजात म्हणाला, “अहो, असे उभे का? बसा ना. खुर्ची रिकामीच आहे.”