बूस्टरचा तिसरा डोस

दैवशालाबाई गल्लीत शिरल्या आणि गल्ली ओस पडली.

आत्ता आत्तापर्यंत तिथं पाच-सहा लेकरं गोट्या खेळत होती. एकानं मान वर केली, बाईंच्या खांद्याला लटकणारा निळा डबा पाहिला, आणि "सिस्टर आली रे!" म्हणून जी बोंब ठोकली, ती शेवटच्या घरापर्यंत गेली. गोट्या जागेवर राहिल्या, लेकरं बेपत्ता. दोन दारं धाडधाड लागली. तिसऱ्या घरातून एक बाई पदर सावरत बाहेर आली.

"सिस्टर, आमच्या धाकटीला ताप हाय. फुडल्या बुधवारी बगू."

"अगं बाई, मला रिटायर होऊन दोन वर्सं झाली! लस न्हाई यात. कुत्रं हाय, कुत्रं!"

बाईनं डब्यात डोकावून पाहिलं. आतून एक काळं नाक आणि दोन भेदरलेले डोळे तिच्याकडं बघत होते.

"अरे देवा! आता कुत्र्यालाबी तुमीच टोचायलाव?" असं म्हणून तिनंही दार लावून घेतलं.

दैवशालाबाई भर उन्हात गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. आता काय करावं या लोकांना! चौतीस वर्षं त्यांनी ताडकळस आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर लेकरांना लसी टोचल्या. पंचेचाळिशीच्या आतला एकही माणूस असा नसेल, ज्याच्या दंडावर किंवा मांडीवर बाईंचा हात पडला नाही. बाई माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत. कोण किती रडलं होतं, यावरून ओळखत. त्यांची युक्ती ठरलेली होती. खिडकीकडं बोट करायचं, "ती बग, चिमनी बग!" म्हणायचं, लेकराची मान वळली की सुई आत. खिडकीत चिमणी कधीच नसायची. हे एकदा कळलं की लेकरू जन्माचं शहाणं व्हायचं, आणि बाई रस्त्यात दिसल्या की आईच्या पदरात शिरायचं.

स्वतःच्या पोटी लेकरू झालं नाही. नवरा, रामहरी, जाऊन सहा वर्षं झाली. नोकरी होती तोवर गावातल्या पोरांचं हे पळणं बाईंना हसण्यावारी नेता आलं. रिटायर झाल्यावर मात्र ते फार लागायचं. आपण कुणाचं वाईट केलं नाही, तरी एक लेकरू आपल्याजवळ येत नाही, याचं दुःख त्यांना होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

अशात राणीसावरगावहून भाऊ धोंडीबा आला. त्याची मेंढरं आहेत. येताना त्यानं घोंगडीत गुंडाळून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. "एकटी ऱ्हातीस, सोबत हुईल," म्हणाला आणि घोंगडीसकट ठेवून गेला. बाईंनी त्याचं नाव बूस्टर ठेवलं. दुसरं काय ठेवणार!

दुसऱ्याच दिवशी त्या बूस्टरला घेऊन गुरांच्या डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टर वरद परभणीचा, नवा, तरुण. त्यानं लसीची बाटली हातात घेतली तशा बाई म्हणाल्या, "थांबा. आदी फ्रीज दाखवा."

"कशाला?"

"किती डिग्रीवर ठिवली, बगू द्या."

डॉक्टरनं निमूटपणे फ्रीज उघडला. बाईंनी काटा पाहिला, बाटलीवरची तारीख पाहिली, मगच मान डोलावली. पहिला डोस झाला.

"आता ऐका," डॉक्टर म्हणाला. "असे तीन डोस. तोवर याचे पाय रस्त्याला लागता कामा नयेत, आणि दुसऱ्या कुत्र्याची गाठ नको. पण घरात कोंडूनही ठेवू नका. उचलून न्या आणि माणसं दाखवा. लहान पोरं, म्हातारे, मिशावाले, हेल्मेटवाले. ट्रॅक्टरचा आवाज ऐकवा. हेच वय असतं. आत्ता माणसाळलं नाही, तर जन्मभर माणसाला भिईल. आणि भ्यालेलं कुत्रं चावतं."

बाईंना हे लगेच पटलं. घरमालक दिनकरराव, रिटायर्ड मास्तर, त्यांना मात्र काहीच पटत नव्हतं. बूस्टर ताट पडल्याच्या आवाजानंही पलंगाखाली शिरायचा आणि तिथून गुरगुरायचा. दिनकररावांची नात ईश्वरी सहा वर्षांची. "सिस्टर, घरात लहान मूल आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या डोसपर्यंत बघतो. तोवर हा प्राणी सुधारला नाही, तर ज्याचा त्याला परत." ईश्वरी आजोबांच्या धोतराआडून बघत होती. कुत्र्याकडं नव्हे, बाईंकडं.

म्हणजे हातात सहा आठवडे. बाईंनी वहीत यादी केली आणि पिल्लू कशात न्यावं याचा विचार केला. कपाटावर लसीचा निळा डबा होता. झाकण तुटलं म्हणून दवाखान्यातून बाद झालेला, दोन वर्षं लसूण ठेवायला वापरलेला. बूस्टर त्यात नेमका बसला, मान तेवढी बाहेर. खांद्याला पट्टा अडकवताना बाईंना बरं वाटलं. किती दिवसांनी खांद्यावर ते ओझं आलं होतं!

गल्लीत डाळ शिजली नाही, तेव्हा त्यांनी यादीतला 'मिशावाला' घ्यायचं ठरवलं. ताडकळसात मिशी म्हणावी तर बालाजीची. बसस्टँडवर त्याचं चहाचं हॉटेल. माणूस म्हैस उचलेल असा. बाई दारात आल्या तेव्हा तो पातेल्यात साखर टाकत होता. त्यानं निळा डबा पाहिला आणि साखरेचा डबा तसाच हातात धरून मागच्या दारानं बाहेर पडला.

"बालाजी! अरे ये बालाजी!"

"माजं समदं झालंय सिस्टर!" भिंतीपलीकडून आवाज आला. "कोरोनाचे दोनी झालेत! सर्टिफिकेट मोबाईलमंदी हाय!"

"अरे, निस्तं कुत्र्याला तुजी मिशी दाखवायची हाय!"

"लहानपनी चिमनी दाखवली हुती तुमी," बालाजी म्हणाला. "आता मिशीचं काडायलाव व्हय? मी न्हाई येत."

चहा उतू गेला. गिऱ्हाइकं पोट धरून हसत होती. एवढ्या गोंधळात बूस्टर डब्यात खाली सरकला तो वर आलाच नाही.

तीन आठवडे असेच गेले. दुसरा डोसही झाला. वहीत फक्त 'ट्रॅक्टर'पुढं खूण होती, कारण ट्रॅक्टरला पळून जाता येत नव्हतं. बूस्टर बाईंशिवाय कुणालाही गुरगुरायचा. एका सकाळी त्या ओट्यावर कपाळाला हात लावून बसल्या, तेव्हा शेजारची सुलाबाई निवडायला घेतलेली ज्वारी सोडून उठून आली.

"सिस्टर, एक बोलू का? राग नका धरू."

"बोल."

"ह्यो डबा फेका आदी. मी साठीची झाले, मला नातवंडं हायत, तरी ह्यो डबा दिसला की पोटुशी असताना टोचलेला माजा दंड दुकायलाय!"

दैवशालाबाईंनी डब्याकडं पाहिलं. मग सुलाबाईकडं. आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

त्या घरात गेल्या, धोंडीबाची घोंगडी झटकली आणि तिची झोळी करून गळ्यात बांधली. त्यांचे वडील चालून दमलेलं कोकरू असंच न्यायचे. बूस्टरला घोंगडीत मेंढरांचा वास आला असावा. त्यानं मान बाहेर काढली आणि पहिल्यांदाच आत घेतली नाही.

पहिली आली ती ईश्वरी. लांबून, भिंतीला धरून धरून.

"आजी, डबा कुटाय?"

"लसूण भरून ठिवला त्यात."

"खरं?"

"जा, बगून ये."

ती आत जाऊन खरंच बघून आली. आपल्यावर या लेकरांचा काडीचा भरवसा नाही, हे बाईंनी मुकाट्यानं गिळलं. मग ईश्वरीनं एक बोट पुढं केलं. बूस्टर गुरगुरला. बोट मागं गेलं. बाईंनी चिमणी दाखवली नाही, घाई केली नाही. बोट पुन्हा आलं. बूस्टरनं ते हुंगलं आणि चाटलं.

"लय गुदगुल्या करायलाय!" ईश्वरी किंचाळली. त्या किंचाळण्यानं गल्लीतली बाकीची लेकरं धावत आली.

पुढचे तीन आठवडे बाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. "आजी, मला! आजी, मला!" रोज संध्याकाळी ओट्यावर रांग. बाईंनी नियम केला, साबणानं हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. गल्लीतल्या आयांना जन्मात न जमलेली गोष्ट बाईंनी एका कुत्र्याच्या जिवावर करून दाखवली. एके दिवशी बालाजी आला. चार पावलांवरून मिशी पुढं करून वाकला. बूस्टरनं ती ओढली. "आयायाय!" बालाजी ओरडला, आणि सगळ्यात जास्त त्यालाच आनंद झाला. दिनकरराव वर्तमानपत्राआडून बघायचे आणि डोसचे दिवस मोजत असल्याचं दाखवायचे.

तिसऱ्या डोसला बाईंच्या मागं वरात निघाली. लेकरं, सुलाबाई, हॉटेल बंद करून आलेला बालाजी, आणि इकडं काम होतं म्हणून आलेले दिनकरराव. बूस्टर आता झोळीत मावत नव्हता, पाय बाहेर लोंबत होते, पण रस्त्याला ते अजून लागले नव्हते.

डॉक्टरनं न सांगता फ्रीज उघडून दाखवला. बाईंनी काटा पाहिला. बाटली पाहिली.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

"घट्ट धरा," डॉक्टर म्हणाला. पहिल्या दोन वेळी पिल्लू अंग चोरून गप्प बसलं होतं. आज सुई दिसली तसा बूस्टर कुंई कुंई करत बाईंच्या पोटात तोंड खुपसायला लागला. ज्या हातांनी चौतीस वर्षांत गावाचे दंड धरले, त्या हातांना एक पिल्लू धरवेना. आपण इतक्या आयांना "लेकरू घट्ट धर गं" म्हणून खेकसलो, हे त्यांना आठवलं, आणि त्या सगळ्या आयांची एकदम माफी मागावीशी वाटली.

"मला न्हाई बगवत, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

बालाजी हसला नाही. त्यानं पुढं होऊन बूस्टरचे मागचे पाय हळूच धरले. तेवढ्यात ईश्वरी स्टुलावर चढली आणि तिनं बाईंची हनुवटी धरून खिडकीकडं वळवली.

"आजी, तिकडं बग," ती म्हणाली. "ती बग, चिमनी."

खिडकीत चिमणी नव्हती. समोरची भिंत होती आणि वाळत घातलेली एक पिवळी साडी. डॉक्टर "झालं" म्हणेपर्यंत दैवशालाबाई तिकडंच बघत राहिल्या.